बाभूळवाडी रोड: गच्चीवरच्या खोलीतली नॅरो गेज

कुर्डुवाडी ते पंढरपूर पन्नासेक किलोमीटर. हे अंतर १:८७ या प्रमाणात लहान केलं तरी पावणेसहाशे मीटर भरतं. माझी खोली बारा बाय दहा फुटांची. घरी छोट्या रेल्वेचा लेआउट, म्हणजे मॉडेलची मांडणी, करायचं मनात आलं की आधी हा हिशोब मांडावा. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्यातूनच कळायला लागतं. अख्खा मार्ग बसणार नाही, एक स्टेशन बसेल. मी एकच स्टेशन करायचं ठरवलं, पण रेल्वेच्या स्टेशनात गाडी आल्यावर जी कामं होतात ती सगळी तिथं करता यावीत, एवढी अट घातली.

गाडी कुठली, हा प्रश्न सोलापूरकराला पडायचं कारण नाही. लंडनमध्ये नोंदलेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीनं १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी अडीच फुटी नॅरो गेज लाइन सुरू केली. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. बार्शी रोड म्हणजे आपलं कुर्डुवाडी. बार्शीची कापसाची पेठ मोठी होती आणि मोठ्या लाइनपासून ती बाजूला पडली होती. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं त्यासाठी जी रचना केली, ती पुढं जगभरच्या नॅरो गेजवाल्यांनी अभ्यासली. त्याचा नेम सोपा होता. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार सगळीकडं सारखा वाटला गेला की दर यार्डाला (तीन फुटांना) तीस पौंड वजनाचा हलका रूळही पुरतो, आणि त्या हलक्या रुळावरून पुरेसा माल जातो. लाइन लातूरला पोचली १९११ मध्ये, मिरजेला १९२७ मध्ये. १९५४ मध्ये ती सरकारनं घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं ब्रॉड गेज झाली. आता त्या अडीच फुटांची गाडी पाहायची तर ती करावीच लागते.

मॉडेलच्या दृष्टीनंही हीच लाइन सोयीची, हे मला आकडेमोड करताना उमगलं. बाजारात सगळ्यात जास्त मिळणारं मॉडेल एचओ म्हणजे १:८७ चं, आणि त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. तो युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजचा आहे. आपली ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर, तिला ८७ नं भागलं की १९.३ येतात. म्हणजे भारतीय ब्रॉड गेजचा डबा एचओच्या रुळावर ठेवला की तो पाय आखडून उभा राहिल्यासारखा दिसतो. ७६२ मिलिमीटरला ८७ नं भागा: ८.७६. एन स्केल या एचओहून लहान मॉडेलचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो. फरक पाव मिलिमीटरचाही नाही. शिवाय नॅरो गेजचा चाळीस फुटी डबा १४ सेंटीमीटरचा होतो, वळणं आखूड चालतात आणि इंजिनामागं चार-पाच डबे लावले की पूर्ण गाडी वाटते. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथं एकाच वेळी अनेक गाड्या धावताना पाहून डोळे दिपतात, आणि प्रत्येक हौशी माणसानं ते पाहावंच. पण माझ्या खोलीसाठी मी तिथून रुळांपेक्षा दिव्यांची आणि देखभालीची शिस्त घेऊन आलो.

खरं एखादं स्टेशन हुबेहूब करायचं तर त्याचे नकाशे हवेत, फुटाफुटाची मापं हवीत. रूळ उखडले गेल्यावर ती कुठून आणणार? या मार्गावरच्या मोडनिंबची पाटी लावायची आणि गोदाम भलत्याच बाजूला काढायचं, हे मला पटेना. म्हणून मी एक काल्पनिक स्टेशन कुर्डुवाडी आणि मोडनिंबच्या मध्ये कुठंतरी कल्पिलं आणि त्याला बाभूळवाडी रोड नाव दिलं. काळ धरला तो वाफेची इंजिनं उतरणीला लागल्याचा आणि डिझेल येऊन रुळल्याचा. दोन्ही चालवता येतात.

या स्टेशनाचा आराखडा माझ्या मामांनी काढला. ते कुर्डुवाडीला सांधेवाले होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे बदलायचं त्यांचं काम. मी कागदावर सुंदर वळणं काढून नेली होती. एका लूपमधून (मेन लाइनच्या बाजूनं जाऊन तिला परत मिळणाऱ्या रुळातून) दोन साइडिंग, म्हणजे डबे उभे करायचे फाटे, त्यांतून आणखी एक. मामांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आरं, मालाचे डबे हितं ठिवले तर इंजिन निघायचं कुठनं?" मग त्यांनी त्याच कागदाच्या पाठीवर एक मेन, एक लूप, गोदामाचं एक साइडिंग आणि लूपच्या टोकाला एक आखूड सुरक्षा साइडिंग अशा चार रेघा ओढल्या. "येवढ्यात दिवसभराचं काम हाय," म्हणाले. मी त्यातली एक रेघही बदलली नाही.

मांडणी इंग्रजी एल अक्षरासारखी, दोन भिंतींना धरून, सोळा इंच रुंद. लांब बाजू बारा फुटांची, आखूड आठची. मधोमध स्टेशन. एका टोकाला पुलाखालून गाडी पडद्यामागं जाते, तिथं चार रूळ शेजारी शेजारी आहेत. ते कुर्डुवाडी. दुसऱ्या टोकाला तसेच तीन रूळ, ते पंढरपूर. अडीचशे मीटरचं यार्ड १:८७ ला २ मीटर ८७ सेंटीमीटर होतं, म्हणजे लांब भिंतीवर ते अजिबात न आवळता बसतं. ब्रॉड गेजच्या मॉडेलात ही चैन परवडत नाही.

आता खोलीविषयी. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडं. खोली गच्चीवर, वर नुसता स्लॅब. सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. बाहेर ४२-४३ अंश असलं की आत त्याहून जास्त. थंडीत पहाटे हाच पारा पंधराच्या आसपास येतो. मॉडेलचा रूळ निकेल सिल्व्हरचा असतो. तीन मीटर रूळ तीस अंशांनी तापला तर साधारण दीड मिलिमीटर वाढतो. दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दोन्हीकडून आवळलेला रूळ तेवढ्यानं नागमोडी होतो आणि चाक उतरतं. म्हणून रूळ डिसेंबरात टाकला आणि दर जोडाला व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवली. खऱ्या रेल्वेत फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, जोडालाही अशीच फट असते. मे महिन्यात त्या फटी मिटतात, दिवाळीनंतर परत उघडतात.

लाकडाचं दुखणं वेगळं. त्याला उन्हापेक्षा दमट हवा जास्त जाचते. उन्हाळ्यात इथली हवा कोरडीठाक, आणि ऑगस्टात त्याच प्लायला ओल लागते. १२ मिलिमीटरचा प्लाय, खाली दोन इंची पट्ट्यांची चौकट, आणि प्लायच्या सहाही बाजूंना, कापलेल्या कडांनासुद्धा, प्रायमर आणि ऑइल पेंट. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते केल्याचं नंतर कुणाला दिसत नाही, पण माझा बोर्ड पावसाळ्यात अजून हललेला नाही. चौकट करताना शेजारचे जॉबर काका वर आले. त्यांची हयात यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेली. "काय करलालाव सर? माग बसवलालाव का वर?" म्हणाले. मी रूळ दाखवला. त्यांनी स्पिरिट लेव्हल मागून घेतली, बोर्डावर चारी अंगांनी फिरवली आणि एका पायाखाली पत्र्याची चकती सरकवली. तेव्हापासून ते या लाइनचे निम्मे मालक आहेत.

रूळ टाकणं हा या छंदाचा गाभा आहे, आणि घाई करण्यासारखी जागा नाही. इंजिन पुढं बदलता येतं, झाडं उपटता येतात. रूळ वाकडा बसला तर तो रोज त्रास देतो. प्लायवर तीन मिलिमीटरचा कॉर्क, त्यावर रूळ. वळणाची त्रिज्या मी बारा इंचांच्या खाली जाऊ दिली नाही, चढ मीटरला दीड सेंटीमीटरच्या आत ठेवला. प्रत्येक तुकडा बसला की एक डबा हातानं ढकलत न्यायचा. डोळे मिटून. बोटाला जिथं टक लागते तिथं जोडाची कड कानशीनं गोल करायची. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोट बरोबर सांगतं.

वीज रुळातूनच येते. फिशप्लेटवर भरवसा ठेवून एका टोकाला वायर जोडली तर नव्या नव्यात गाडी पळते, पुढं फिशप्लेट सैल होते, आत धूळ जाते आणि लांबच्या टोकाला इंजिन अडखळायला लागतं. म्हणून प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर. बोर्डाखालून घरगुती फिटिंगची दीड एमएमची लाल आणि काळी वायर टोकापर्यंत नेली आणि रुळाच्या दर तुकड्यापासून बारीक तारा खाली उतरवून तिला जोडल्या. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, रुळाची बाहेरची बाजू कानशीनं घासून चमकवायची, फ्लक्सचा ठिपका, दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं हवं आणि दोन सेकंदांत उचलायचं. आयर्न थंड असलं की डाग बसेपर्यंत वेळ जातो आणि तेवढ्यात प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात.

कंट्रोलर डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीचा आहे. रुळात वीज कायम खेळती असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या नंबरचा हुकूम तेवढा ऐकतो. तयार यंत्रं महाग पडतात. डीसीसी-ईएक्स नावाची मोफत प्रणाली आहे, ती अर्डुइनो मेगा आणि मोटर शील्ड या छोट्या सर्किट बोर्डांवर चालते आणि मोबाइलवरून गाडी हाकता येते. वायरिंग नीट झालंय का हे तपासायची एक जुनी रीत आहे, ती मात्र सोडू नये. वीज चालू ठेवून रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाकायचं. कंट्रोलरनं तत्क्षणी वीज तोडली पाहिजे, जिथं टाकाल तिथं. एखाद्या ठिकाणी तुटली नाही तर तिथपर्यंतच्या तारा अपुऱ्या आहेत, आणि डबा घसरला की तिथंच काहीतरी वितळणार. मी हातभर अंतरावर नाणं टाकत एल अक्षराच्या या टोकापासून त्या टोकाला गेलो. जॉबर काका कंट्रोलरच्या दिव्याकडं बघत दर वेळी "गेला!" म्हणत होते.

सांधे नऊ ग्रॅमच्या सर्व्हो मोटारींनी हलतात, सावकाश. खटकन आदळणारा सांधा मामांना चालत नाही. सांध्याच्या क्रॉसिंगची, म्हणजे जिथं दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याची, वीज सांधा फिरेल तशी बदलावी लागते, नाहीतर छोटं इंजिन नेमकं तिथं मरतं. सर्व्होच्या दांड्याखाली एक मायक्रोस्विच बसवला की ते काम आपोआप होतं.

खडीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. मुख्य लाइनची खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची, म्हणजे आपल्याला हवा तो कण फार तर पाऊण मिलिमीटरचा. परदेशातून डब्यात भरलेली करड्या रंगाची खडी मिळते. पण आपल्या लाइनवर पडलेली खडी आपल्याच काळ्या दगडाची होती, आणि खडी क्रशरवर त्याची कच ढिगानं असते. ती आणली, धुतली, वाळवली आणि दोन चाळण्यांतून काढली. वरच्या चाळणीतून खाली पडलेली आणि खालच्या चाळणीत अडकलेली तेवढी घ्यायची. एक गोष्ट मात्र दख्खनच्या दगडात अवश्य करावी: लोहचुंबक फिरवणं. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. कचेवर कागद ठेवून चुंबक सरकवला तर कागदाच्या खालून काळी दाढी उगवते. हे कण रुळात राहिले तर इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि गिअरमध्ये दगड जातो. दाढी येईनाशी होईपर्यंत चुंबक फिरवत राहायचं.

पसरलेली खडी मऊ ब्रशनं दोन स्लीपरच्या मधल्या जागेत सारायची. स्लीपरवर एकही कण नको, रुळाच्या आतल्या बाजूला तर नकोच. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा, आणि ड्रॉपरनं फेव्हिकॉल-पाणी निम्मं निम्मं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाण्याचा गोळा होऊन खडी विस्कटते. रात्रभर हात लावायचा नाही.

काळ्या मातीनं मला नवं शिकवलं. मंगळवेढ्याकडच्या शेतातली माती आणून वस्त्रगाळ केली. रंग तर अस्सल. पण ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, हे आपण शेतात पाहतोच. पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून थापली तर बोर्डावरही ती भेगाळते, आणि बोर्डावरची बोटभर भेग ८७ पट केली तर त्यात गाडी-बैल जातील. वेगळ्या फळीवर करून पाहिल्यावर हे ध्यानात आलं. म्हणून लेआउटवर खाली काळपट तपकिरी रंग, तो ओला असताना मातीची नुसती भुकटी. भेगा नाहीत, रंग तोच. ज्वारी काढून झाल्यानंतरचं रान दाखवायचं होतं, म्हणून काथ्याचे तुकडे ओळीनं टोचून धसकटं केली, आणि कडेला कडब्याची गंजी. बाभळी मोटार वायंडिंगच्या दुकानातल्या टाकाऊ तांब्याच्या तारेच्या: पीळ घालून खोड, वर सपाट पसरणाऱ्या फांद्या, त्यावर रंगवलेला लाकडाचा भुसा विरळ भुरभुरलेला. विरळच हवा. बाभळीतून आभाळ दिसतं. कुंपणाच्या पट्ट्या जॉबर काकांनी आणून दिल्या. मागाच्या मोडीत निघालेल्या फणीतल्या त्या पोलादी पात्या १:८७ च्या मापाला तंतोतंत बसल्या.

इंजिनांचं मात्र सगळं इथं होत नाही. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. परदेशी मॉडेलं मागवणाऱ्याला तो भार सोसावा लागतो. मी त्यावर एक नियम केला: जे हातानं होतं ते मागवायचं नाही. रूळ, चासी आणि डिकोडर बाहेरून, बाकी घरी. बार्शी लाइटच्या वाफेच्या इंजिनांत २-८-२ चाकांची (पुढं दोन, मध्ये आठ मोठी, मागं दोन) इंजिनं होती. जपानी रेल्वेचं डी-५१ हेही २-८-२ आणि त्याचं एन स्केलचं मॉडेल सहज मिळतं, १:१५० चं. खऱ्या डी-५१ ची मोठी चाकं १४०० मिलिमीटरची, मॉडेलमध्ये ती ९.३ होतात, आणि ९.३ ला ८७ नं गुणलं की ८१ सेंटीमीटर. नॅरो गेजच्या इंजिनाला शोभतील अशी. वरची जपानी बॉडी उतरवली, स्टायरीन शीटची नवी केबिन आणि टाकी केली, चिमणी लेथवर करून घेतली. झेडडीएम जातीच्या डिझेलची बॉडी थ्रीडी प्रिंटची, छायाचित्रं मोजून काढलेली.

ही छोटी इंजिनं जन्मजात पळपुटी असतात. नॅरो गेजची गाडी ताशी तीसनं धावतेय असं धरलं, तर मॉडेलनं एक मीटर जायला दहा सेकंद घेतले पाहिजेत. घड्याळ लावून बघा, किती संथ वाटतं ते. डिकोडरमध्ये कमाल वेग उतरवून ठेवला आणि प्रत्येक इंजिन मीटरपट्टीशेजारी चालवून जुळवलं. या एका गोष्टीनं लेआउटला जेवढा खरेपणा आला तेवढा कुठल्याच रंगानं आला नाही.

देखभालीत आमच्या भागाचा एक खास शत्रू आहे: सुताची लव. आजूबाजूला टॉवेल आणि चादरींचे माग दिवसभर चालतात. ती लव खिडकीतून येते, रुळावर बसते, आणि चाकाबरोबर आसाभोवती गुंडाळत जाते. तेलाचा थेंब जास्त झाला असेल तर ती तिथंच चिकटते. जॉबर काकांचा सल्ला, "तेल कमी, साफसफाई जास्त," मागाला लागू तसाच इथंही. खिडकीला बारीक जाळी, लेआउटवर जुन्या सोलापुरी चादरीऐवजी प्लॅस्टिकचा कागद (चादर स्वतःच लव सोडते), चिमट्यानं आस मोकळे करणं आणि अल्कोहोलच्या फडक्यानं रूळ पुसणं. एवढं केलं की गाडी अडत नाही.

गाड्या आता वेळापत्रकावर चालतात, तेही मामांच्या हट्टानं. एकेरी लाइन आहे. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर, म्हणजे लाइन मोकळी असल्याची परवानगी, दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. मामा पडद्यामागच्या कुर्डुवाडीला बसतात, जॉबर काका पंढरपूरला, मी बाभूळवाडीला. लाइन क्लिअर कागदावर लिहून द्यायची, गाडी पोचली की चिठ्ठी परत. सकाळची मिक्स्ड (माल आणि प्रवासी दोन्हींची गाडी) कुर्डुवाडीहून येते, लूपवर थांबते, पंढरपूरकडून येणाऱ्या पॅसेंजरला मेनवरून जाऊ देते. तोवर इंजिन सुटं करून गोदामावरची वाघीण ओढून आणायची. एखादी वाघीण नेमकी सांध्यावर अडकली की पॅसेंजर बाहेर उभी राहते आणि काका पंढरपूरहून हाक मारतात. मामा वहीत वेळ लिहितात. उशीर कुणामुळं झाला तेही लिहितात. त्यांच्या आवाजातला कामावरचा ताठा त्या वेळी परत येतो, आणि मला या सगळ्या खटाटोपाचं तेच मोल वाटतं.

सध्या आषाढीचं वेळापत्रक आखणं चाललंय. जादा गाड्या म्हणजे लूपवर जास्त वेळ मुक्काम, आणि डबेही जास्त. दोन नव्या डब्यांच्या बाजू कापून झाल्यात, खिडक्या कोरायच्या आहेत. वारकरी एकोणीस मिलिमीटर उंचीचे लागतील. ते मिळतात, पण सगळे कोट-टोपीतले. फेटे, पताका आणि डोक्यावरच्या तुळशी मॉडेलिंग पुटीनं घडवायचं काम माझ्या लेकीनं घेतलंय.